साहेबाला न सांगितलेली नावं

आज इथं आखातात, वादी अदाईच्या कामगार-मेसमध्ये आंबलेल्या डाळीचा वास आला आणि आमच्या कामगारांनी ताटं दूर सारली. मी त्यांचा सुपरवायझर. "सुरुवात कोणी केली, नावं लिही," अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला.

ती सारलेली ताटं पाहून रत्नागिरीला ओट्यावर जाळं विणणारे आजोबा आठवले. ते इंग्रजांच्या आरमारात खलाशी होते. शेहेचाळीसच्या बंडात त्यांनीही असंच जेवण नाकारलं आणि नोकरी गमावली. लहानपणी मी विचारलं होतं, "तोफ डागलीत?"

"नाय रे. साहेबानं सोबत्यांची नावं विचारली, ती सांगितली नाय. एवढंच."

तेव्हा मी हिरमुसलो होतो. आज पन्नाशीत, हातात पेन धरल्यावर, ते किती अवघड होतं ते कळलं.

मी कोरा कागद परत दिला.

"खलास. उद्या येऊ नकोस," अर्बाब म्हणाला.

इतकी वर्षं इथं राबून मी इतका दमलो होतो, की नोकरी गेल्याचं मला बरंच वाटलं.