आत्याची लादी

माझ्या आत्याने ऐन तारुण्यात देशाचा गोल सांभाळला आणि पुढे जन्मभर देशाचे कपडे धुतले. सन्मानाची वेळ आली तेव्हा लोकांना आठवले ते कपडे.

ती खेळायची तेव्हा बायकांच्या मॅचेस फुटबॉल मंडळ अधिकृत मानत नसे. परदेशी टीमला हरवून आल्या, तरी मंडळाच्या लेखी काही झालंच नव्हतं. टीम मोडली आणि आत्याने स्टेडियमच्या तळघरात पुरुषांच्या टीमचे कपडे सांभाळायची नोकरी धरली. गवताचे डाग काढायचे, पाठीवरचे नंबर शिवायचे, मोजे जोडीने गुंडाळायचे. मॅच डोक्यावर चाललेली. वर गोल झाला की छत दणाणायचं आणि आत्या इस्त्री न थांबवता म्हणायची, "मेला पुढे आलाच नसणार गोलकीपर!"

गेल्या वर्षी फुटबॉल सन्मान दालनाच्या सचिवांचा फोन आला. दालनात दोन भाग आहेत, एक निवृत्त खेळाडूंचा आणि दुसरा खेळाला हातभार लावणाऱ्यांचा. आत्याला दुसऱ्यात घेतलं होतं.

"मी खेळाडू आहे," आत्या म्हणाली.

"हो ना काकू, पण त्या मॅचेस अधिकृत नव्हत्या."

"माझी बोटं मात्र अगदी अधिकृत मोडली!"

बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, समजूत घातली. "अगं ताई, मिळतंय ते घे. दगडापेक्षा वीट मऊ."

"मग तू खा ती वीट."

एवढं बोलून ती समारंभाला जायला तयार झाली, म्हणून मला तिचाच राग आला. सरळसरळ तोंडाला पानं पुसत होते आणि ही कपाटातून इस्त्रीची साडी काढून बसली होती.

दालनाची पद्धत अशी, की हातभार लावणाऱ्यांचं नाव दाराजवळच्या पितळी पाटीवर जातं. खेळाडूचा मात्र पाय ओल्या सिमेंटच्या लादीत उमटवून घेतात आणि ती लादी आतल्या भिंतीत कायमची बसवतात. त्या दुपारी लादी तयार होती ती एका गाजलेल्या सेंटर फॉरवर्डसाठी. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला तो गडी खुर्चीत बसून बूट काढत होता. बूट निघत नव्हता.

आत्याचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, फुलं मिळाली. फुलं तिने माझ्या हातात कोंबली, सरळ लादीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही पंजे सगळा भार टाकून सिमेंटमध्ये दाबले.

"काकू! अहो, ही लादी खेळाडूंची आहे!" सचिव ओरडले.

"म्हणूनच."

"इथे पाय उमटवतात!"

"गोलकीपर काय पायाने बॉल धरतो?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. ती मीच होते. सचिवांनी गवंड्याला खूण केली, की थापी फिरव आणि सपाट कर. तेवढ्यात सेंटर फॉरवर्ड एक पाय अनवाणी घेऊन उठला. "राहू दे रे. माझ्यासाठी दुसरी कालव. सरावाला ताई गोलमध्ये उभी राहिली की माझी पेनल्टी अडवायची."

"एक नाही, सगळ्या," आत्या म्हणाली. "आणि तू मध्ये पडू नकोस. माझं मी बघते."

सचिव गोड हसले. "ठीक आहे. कार्यक्रम संपू दे, मग बघू." मग बघू म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं. लोक पांगले की थापी फिरणार.

आत्याने खुर्ची ओढली आणि लादीशेजारी बसली. हात सिमेंटने माखलेले, साडीचं वाटोळं झालेलं. भाषणं झाली, फोटो झाले, चहा झाला. लोक गेले. झाडूवाली तिच्या पायांभोवतून झाडून गेली. सचिव तीनदा येऊन गेले.

"काकू, घरी जा ना आता."

"सुकलं की जाते."

बाबा घड्याळ बघत होते. मी त्यांना बाहेर पाठवलं आणि जमिनीवर बसकण मारली. मला तिचा इतका अभिमान वाटत होता, की बोलायला गेले असते तर रडले असते.

संध्याकाळी गवंड्याने लादीवर बोटाने टकटक केलं. "साहेब, आता सपाट होणार नाही. फोडावीच लागेल."

आत्या उठली. सचिवांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"फोडा," ती म्हणाली. "पण माझ्यासमोर फोडा."

हातोडा कुणीही मागितला नाही.