बुधवारच्या सौनातली काठी

पिठाची एक वेणी पत्र्यावर निजवून झाली होती आणि दुसरीचा मधला पदर आउनेच्या चिमटीत होता, तेवढ्यात तिची नजर खिडकीबाहेर गेली. वेलदोड्याच्या गोड पावाचं पीठ हातात ताणलं गेलं ते तसंच राहिलं. अंगणापलीकडच्या सौनाच्या धुराड्यातून धूर निघत होता, आणि वार होता बुधवार.

नदीकाठच्या आमच्या नासेल गावात सौना पेटतो तो शनिवारी. लाकडी खोली तापवायची, दगडांवर पाणी टाकायचं, आठवडाभराचा मळ आणि राग दोन्ही वाफेत सोडून द्यायचे, आणि रविवारी स्वच्छ अंगाने चर्चला जायचं. बुधवारी कोणाकडे धूर दिसला तर शेजारीण विचारायला येते, कोण आजारी आहे म्हणून.

आउने कांगासला धुराची भीती नव्हती, छताची होती. सौनाच्या सगळ्यात वरच्या बाकावर, छताच्या तुळईला लागून, तिने एक नवी कोरी गळाची काठी लपवून ठेवली होती. शनिवारपर्यंत तिथे कोणी फिरकणार नाही, आणि शुक्रवारी सकाळी काढून घेऊ, असा तिचा हिशेब होता. शुक्रवारी तिच्या नवऱ्याचा, हेक्कीचा, नामदिवस होता. पंचांगात त्या तारखेपुढे हेक्की हे नाव छापलेलं असतं, आणि जुनी माणसं म्हणतात की त्या दिवशी गुहेतलं अस्वल कूस बदलतं. म्हणजे थंडीची पाठ मोडली.

हेक्कीची पाठ शाबूत होती, गेला होता खांदा. जंगलात आयुष्यभर झाडं पाडली आणि निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका फांदीने उजवा खांदा निखळवला. डॉक्टरांनी तो पुन्हा जागेवर बसवला, पण हात कानाच्या वर जाईना. दवाखान्यातून घरी आल्यावर हेक्कीने पहिलं काम काय केलं, तर आपल्या दोन्ही काठ्या वाटून टाकल्या. सॅमन माशासाठीची जाड काठी जावयाला आणि स्टीलहेड माशासाठीची बारीक काठी शेजारच्या सुलो निएमीला. "माझं झालं," एवढंच म्हणाला. आमचे पुरुष मुळातच मोजकं बोलतात, आणि मोजकं बोलणारा माणूस 'झालं' म्हणतो तेव्हा ते खरं धरावं लागतं.

शरदात सॅमन नदीत चढले, हेक्की घरात बसून राहिला. मग पाऊस लागला, नदी गढूळ झाली, पाऊस ओसरला. गढूळपणा तळाशी बसून पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं झालं की समुद्रातून स्टीलहेड वर येतो, हे इथे दुधाच्या दाताचं पोरही सांगेल. हेक्की रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन खिडकीशी उभा राही. "आज हिरवी आहे," म्हणे, आणि पडदा ओढून घेई.

तो पडदा आउनेच्या जिवाला लागला. हा हिवाळा असाच गेला तर हा माणूस पुन्हा पाण्यात पाय घालणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. रात्रीच्या प्रार्थनेत ती आजाऱ्यांसाठी मागे, बोटींवरच्या माणसांसाठी मागे, आणि सगळ्यांच्या शेवटी, जरा आवाज खाली करून, एक काठी मागे. देवाला त्यात गैर वाटलं नसावं, कारण एक दिवस तिचे पाय आपोआप ऊर्होच्या दुकानाकडे वळले.

ऊर्होचं दुकान म्हणजे खिळ्यांपासून गळाला लावायच्या गाबोळीपर्यंत सगळं, मासेमारीचे परवानेसुद्धा. शेगडीपाशी सुलो निएमी नेहमीप्रमाणे बसला होता.

"एकच काठी हवी," आउने म्हणाली. "सॅमनलाही चालेल आणि स्टीलहेडलाही."

"एकच बूट हवा, दोन्ही पायांना चालेल असा," सुलो शेगडीला म्हणाला.

"सुलो, तुला कोणी विचारलं?"

"मला कोणी विचारत नाही म्हणून तर मी आधीच सांगतो. सॅमन म्हणजे बैल, आउने. खाली मान घालून ओढतो, त्याला मुसळासारखी काठी लागते. स्टीलहेड गाबोळी ओठाने चाखतो आणि थुंकतो. मुसळाला ते कळतसुद्धा नाही. त्याला वेत हवा. हेक्कीचा वेत माझ्याकडेच आहे, हवा तर आत्ता आणून देतो."

"दिलेलं परत घेणारा माणूस आहे का तो?"

सुलोने मान हलवली. नव्हताच.

ऊर्होने दोन-तीन काठ्या फळीवर मांडल्या. आउनेने एक उचलून हलवून पाहिली तसा तो लगबगीने पुढे आला. "पंख्याखाली नको, बाई. या पंख्याने आजवर पुष्कळ शेंडे खाल्लेत. आणि दुकानात हलवून काठी कळत नाही. हेक्की फेकतो कसा ते सांग."

"तेच तर. डोक्यावरून फेकता येत नाही त्याला."

"मग?"

आउने विचारात पडली, आणि तिला शनिवार आठवला. सौनात दगडांवर पाणी टाकायचं काम अजून हेक्कीचंच होतं. पूर्वी तो ओगराळं खांद्यावरून भिरकावी. आता लांब दांड्याचं ते ओगराळं दोन्ही हातांनी मांडीपाशी धरून खालून वर झोका देई, आणि पाणी नेमकं मागच्या दगडावर जाऊन पडे. एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही. हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नव्हतं.

तिने फळीवरची झाडणी उचलली आणि दोन्ही हातांनी तसाच झोका देऊन दाखवला.

ऊर्होने मांडलेल्या काठ्या बाजूला सारल्या. मग तो मागच्या खोलीत गेला आणि एक साडेनऊ फुटी काठी घेऊन आला. बुचाची मूठ लांब, दोन्ही हात मावतील अशी. शेंडा मऊ, पण मधल्यापासून खाली चांगला कणा. रीळ खाली लटकणारं, ज्याचा फिरवायचा दांडा डावीकडेही बसतो आणि उजवीकडेही. "सॅमनच्या दिवसांत गळाची तंगूस जाड घालायची, स्टीलहेडच्या दिवसांत बारीक," तो म्हणाला. "मोठा बैल लागला तर याच्या मागे किनाऱ्याने चालावं लागेल. पण चालायला पाय लागतात, खांदा नाही."

दुकानामागच्या अंगणात टोकाला शिशाचं वजन बांधून आउनेने झोका देऊन पाहिला. शिसं डौलात गेलं आणि सुलोच्या गाडीच्या हौद्यात पडलं.

"लागला," सुलो म्हणाला.

तीच काठी आता तापत्या सौनाच्या छताशी होती. आउनेने पिठावर ओलं फडकं टाकलं, हात कसेबसे पुसले आणि अंगण ओलांडलं.

हेक्की सौनाच्या बाहेरच्या खोलीत, कपडे काढायच्या बाकावर, पंचा गुंडाळून बसला होता. काठी त्याच्या मांड्यांवर आडवी होती.

"माझी आई म्हणायची," तो म्हणाला, "सौनात चर्चसारखं वागावं. चर्चमध्ये कोणी काठ्या लपवतं का?"

"आणि बुधवारी चर्चला कोण जातं?"

"खांदा ठणकत होता." त्याने मूठ उघडली. तळहातावर एक इवलीशी कडी होती, शेंड्याच्या अगदी टोकाला असते ती, जिच्यातून तंगूस बाहेर पडते. "छताशी ठेवलीस. अगं, ही सरसावर बसवलेली असते. सौनाची धग लागली की सरस वितळतो. कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवली असतीस तर निदान अंडी तरी मिळाली असती."

"मोडली का?" आउनेचा आवाज बारीक झाला.

"मोडली नाही, सुटली. कोणाची आहे?"

"शुक्रवारी ज्याचा नामदिवस आहे त्याची."

हेक्कीने सुटलेली कडी शेंड्याला लावून पाहिली. आत दगड तडतडत होते.

"मी म्हणालो होतो, माझं झालं."

"तू म्हणालास, मी ऐकलं. मग मी दुकानात गेले."

त्याने काठी उचलून डोळ्यांजवळ आणली. "ही ना सॅमनची, ना स्टीलहेडची."

"दोन्हीची आहे."

"दोन्हीची म्हणजे कशाचीच नाही."

"तुझी आई माझ्याबद्दल हेच म्हणाली होती. ना धड शेतावरची, ना धड गावातली. निभलं ना?"

हेक्की उठला. तो अंगात कपडे चढवून स्वयंपाकघरात आला. सौना तापला होता तो वाया गेला. त्याने कपाटाच्या तळातून आपला जुना पत्र्याचा डबा काढला. तो डबा त्याने वाटून टाकला नव्हता, हे आउनेच्या तेव्हा लक्षात आलं. डब्यात सरसाची कांडी होती. मेणबत्तीवर ती मऊ केली, थेंब शेंड्यावर लावला, कडी सरकवली.

"मूठ धर. हलू नकोस. सगळ्या कड्या एका ओळीत यायला हव्यात, नाहीतर तंगूस घासते." एक डोळा मिटून त्याने काठीवरून पाहिलं. "डावीकडे फिरव. तुझ्या डावीकडे नव्हे, माझ्या."

"तीस वर्षांत ती डावी बाजू मला कळलेली नाही."

"राहा आता. बसली."

सरस थिजल्यावर त्याने तिला शेंडा ओढायला लावला. काठी वाकली, वाकत वाकत मध्यापर्यंत आली आणि तिथे ठाम झाली. हेक्कीने हुंकार दिला. मग बुचाच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "मूठ एवढी लांब कशाला?"

आउनेने खुंटीवरचं ओगराळं काढून दोन्ही हातांत धरलं आणि मांडीपासून वर झोका दिला.

हेक्की तिच्याकडे पाहत राहिला. "हे तू शनिवारी बघत बसतेस?"

"वाफेत दुसरं दिसतं काय?"

तो हसला नाही, पण त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "सरस धरलाय का ते पाहायला हवं," तो शेवटी म्हणाला. "घरात बसून कळायचं नाही. उद्या सकाळी पाण्यावर नेऊन पाहतो. सरसासाठी."

"सरसासाठीच," आउने म्हणाली, आणि पिठावरचं फडकं उचलून तिसरा पदर हातात घेतला.

गुरुवारी नदी हिरवीगार होती. वरच्या खळाळापाशी सुलो निएमी आधीच उभा होता. त्याने हेक्कीला पाहिलं, पाठ फिरवली, आणि रीळ गुंडाळून खालच्या वळणाकडे चालता झाला. सगळ्यात चांगली जागा त्याने मोकळी करून दिली होती. आमच्यात स्वागत ते एवढंच.

हेक्कीने गुडघाभर पाण्यात पाय रोवले. पहिला झोका विलोच्या झुडपात गेला. दुसरा पायाशीच पडला. आउने किनाऱ्यावर थर्मास धरून उभी होती. तिने मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली आणि मध्येच सोडून दिली, कारण पुढचा झोका अगदी ओगराळ्यातल्या पाण्यासारखा सुटला आणि गाबोळी पलीकडच्या खडकाच्या सावलीत अलगद उतरली. हेक्की एक पाऊल खाली सरकला. पुन्हा झोका, पुन्हा एक पाऊल. आमच्या नदीवर असंच चालत मासे धरतात, एका जागी खुंट रोवून कोणी उभं राहत नाही. हळूहळू त्याच्या चालीत जुनी लय आली. उजवा खांदा खालीच होता आणि त्याची कोणाला गरज पडली नव्हती.

मग शेंडा थरथरला. मऊ होता म्हणून थरथरला. हेक्कीने काठी उचलली आणि ती मध्यापर्यंत वाकली. स्टीलहेड पाण्याबाहेर उसळला, चकचकीत, पोलादी पाठीचा, आणि खालच्या धारेकडे सुटला. हेक्की मूठ पोटाशी धरून किनाऱ्याने त्याच्या मागे चालू लागला, मग जवळजवळ पळू लागला. वळणावर सुलोने आपली तंगूस मुकाट्याने गुंडाळून वाट दिली. मासा आणखी एकदा उसळला, त्याने डोकं झटकलं, आणि काठी सरळ झाली.

"गेला," हेक्की म्हणाला.

"गेला," सुलो म्हणाला. "मोठा होता."

हेक्कीने रीळ गुंडाळलं, टोकाची कडी बोटांत धरून हलवून पाहिली. "सरस धरलाय." त्याचा चेहरा असा झाला होता की जणू मासा त्याच्याच पाठीवरच्या पिशवीत आहे. आउनेने देवाचे आभार मानले आणि कॉफी ओतली.

त्याने कप घेतला, दगडावर बसला, खांदा चोळला आणि काठी तिच्यापुढे केली.

"मी थोडा बसतो. उभी काय राहतेस, टाक तू. झोका तुला येतो."

"माझ्याकडे परवाना कुठे आहे?"

"तीस वर्षं थर्मास धरून उभी राहतेस आणि परवाना नाही?"

"थर्मासला लागत नाही."

"मग जा, काढून आण. ऊर्होने एव्हाना दुकान उघडलं असेल. तोवर ही नदी हिरवी राहील."

आउनेने थर्मासचं झाकण घट्ट लावून तो त्याच्या बाजूला ठेवला, डोक्याचा रुमाल नीट बांधला, आणि आपल्या नावाचा मासेमारीचा परवाना काढायला ऊर्होच्या दुकानाकडे निघाली.