एक शून्य जास्तीचं

आमच्या व्याह्यांसमोर नुसता आकडा फेकून सुटून जाईल असा माणूस भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत अजून जन्माला यायचा आहे. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. भाताची चार खाचरं आणि तीसेक शेरडं, असा त्यांचा संसार. 'तीसेक' हा शब्द मी त्यांच्या माघारी वापरतो, कारण त्यांच्यासमोर एकतीसच म्हणावं लागतं. संध्याकाळी शेरडं गोठ्यात शिरताना विहीणबाई मोजतात आणि "एकतीस" असं ठणठणीत सांगतात. व्याही "बरं" म्हणतात आणि पुन्हा पहिल्यापासून मोजतात. एकदा विहीणबाई चिडून म्हणाल्या, "हजारदा सांगितलं तुमाला, माजी मोजणी चुकत न्हाई!" तर हे शांतपणे म्हणाले, "हजारदा न्हाई. ही चवथी येळ."

काड्यापेटी विकत घेतली तर ते ती दुकानाच्या पायरीवर बसून मोजतात. काड्या कमी निघाल्या तर भांडतात, असं कुणाला वाटेल. तसं नाही. एकदा दोन काड्या जास्त निघाल्या, तर त्या परत द्यायला पुन्हा आत गेले आणि दुकानदाराने घ्यायला नकार दिल्यावर त्याच्या गल्ल्यावर ठेवून आले. आमच्या शुभदाचं लग्न त्यांच्या नितीनशी झालं तेव्हा मी मांडवात मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "पाचशे माणूस आलंय आमच्याकडचं." अक्षता पडल्यावर बघतो तर मुलाचा बाप मांडवाच्या दारात उकिडवा बसून चपला मोजतोय! तीनशे एकोणनव्वद निघाल्या. आता ही संख्या विषम. तेवढ्यावरून ते जेवायला बसेनात. एका पायाने कोण आलं, याचा शोध लागेपर्यंत पहिली पंगत उठली. शेवटी आमच्या मेव्हण्याची एक चप्पल कुत्र्याने मांडवामागे नेलेली सापडली, तेव्हा त्यांनी तीनशे नव्वदला दोनने भागलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "एकशे पंच्याण्णव. बक्कळ झालं की पावणं. पाचशे कशाला पायजेल?"

अशा माणसाची सोयरीक माझ्यासारख्याशी व्हावी, हा एक योगच म्हणायचा. कारण माझा धंदा भोरमध्ये फ्लेक्स छापण्याचा. आधी मी पाट्या रंगवत असे. डबा, ब्रश आणि शिडी घेऊन गावोगाव हिंडलो. मग फ्लेक्स आले आणि मी मशीन घेतलं. फ्लेक्सच्या धंद्यात शंभर हा आकडाच नसतो. आमच्याकडे सगळं हजारोंच्या उपस्थितीत आणि लाखोंच्या साक्षीने होतं. अलीकडे तर मोबाईलमधल्या ॲपचे फ्लेक्स यायला लागले होते. पिकाच्या औषधाचं ॲप, जनावरांच्या खरेदी-विक्रीचं ॲप, लग्नं जुळवायचं ॲप. प्रत्येकाच्या खाली लाखांत डाउनलोड. व्याही बाजाराला आले की चौकात उभे राहून हे फ्लेक्स वाचत. एकदा दुकानात येऊन त्यांनी मला विचारलं, "पावणं, हे सात लाख कुनी मोजलं?"

"गिऱ्हाईक सांगतं ते आम्ही छापतो," मी म्हणालो.

"आन डाउनलोड म्हंजी काय?"

"म्हणजे तितक्या लोकांनी ते आपल्या मोबाईलमध्ये घेतलं."

"घेतलं आन टाकून दिलं तर?"

"तरी ते धरतात."

व्याही म्हणाले, "म्हंजी इकलेलं शेरडू बी आपल्याच गोठ्यात धरायचं? मंग माजी बी शेरडं चार-पाचशे हायती की!" आणि इतके खदखदून हसले की समोरचा चहावाला काय झालं म्हणून बघायला आला.

पुढे काय वाढून ठेवलं होतं ते तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमचे जावई, म्हणजे त्यांचा नितीन, पुण्याला कंपनीत कामाला होता. ती नोकरी सोडून तो भोरला आला आणि त्याने स्वतःच एक ॲप केलं. नाव ठेवलं 'आली का?'. आमच्या भागात फाट्यांवरून आतल्या गावांना माणसं नेणाऱ्या जीपगाड्या आहेत. गाडी भरली की सुटते, त्यामुळे ती कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. नितीनची युक्ती साधी होती. गाडी ज्या थांब्यावर येईल तिथल्या कुणीतरी मोबाईलवर 'आली' हे बटण दाबायचं. म्हणजे पुढच्या गावातल्या बाईला डोक्यावर टोपली घेऊन तासभर उन्हात उभं राहायला नको. मला तर हे फार आवडलं. जावई म्हणून नव्हे, खरंच आवडलं.

हजार डाउनलोड झाले तेव्हा नितीनने चौकात फ्लेक्स लावायचं ठरवलं. सासऱ्याचंच दुकान, तेव्हा मजकूर एका कागदावर लिहून दिला आणि तो गावोगाव फिरायला निघून गेला. मी मशीनवर बसलो. बारा बाय आठचा फ्लेक्स, पिवळी जमीन, लाल अक्षरं. सगळं झकास बसलं, पण '१,०००+' हा आकडा काही केल्या भरेना. त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी जागा उरली की तो मोकळ्या माळावर सोडलेल्या करडासारखा दिसायला लागला. आता मी हे कबूलच करतो. तीस वर्षांची हाताची सवय. मी त्यात एक शून्य वाढवलं. '१०,०००+' कसं ऐसपैस बसलं! मागे सरकून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो.

नितीनने तो चौकात बघितला. दुकानात आला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्या चेहऱ्यावरचं समाधान बघितलं आणि म्हणाला, "छान झालाय, बाबा." एवढंच. मलाही वाटलं, छानच झालाय.

बाजाराच्या दिवशी व्याही आले. त्यांनी तो फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, मग बाजारातल्या एका म्हातारीकडून मूठभर चिंचोके मागून घेतले आणि फ्लेक्सखाली उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून ते विचारायचे, "मोबाईल हाय? त्यात 'आली का?' हाय? दावा." असेल तर डाव्या खिशात चिंचोका, नसेल तर उजव्या. लोकांना आधी वाटलं, सरकारी मोजणी चालली आहे. एकाने तर आधार कार्ड काढून दाखवलं. एका बाईने विचारलं, "काय मिळनार हाय का?" व्याही म्हणाले, "काय न्हाई. नुस्तं खरं बोला." दुपारपर्यंत हे चाललं. चिंचोके संपले तेव्हा त्यांनी पुन्हा मागून आणले.

दुपारी जेवायला ते आमच्याकडे आले. नितीन आणि शुभदाही होते. आमच्या हिने पुरणपोळी केली होती. व्याह्यांनी ताटाशेजारी डावा खिसा रिकामा केला. सात चिंचोके. "ह्यातलं दोन तुमी आन शुभदा," ते मला म्हणाले. मग उजवा खिसा रिकामा केला, तर चिंचोके पाटाखाली घरंगळत गेले.

"नित्या," ते म्हणाले, "ह्यो फ्लेक्स तुजा?"

"माझा," नितीन म्हणाला.

"धा हजार हायती?"

"नाहीत, आप्पा."

"मंग लिवलं कसं? आन त्ये अधिक कशाचं? किती अधिक, त्ये लिवाया काय झालं हुतं?"

नितीन खाली मान घालून बसला. मी घास तोंडात धरून त्याच्याकडे बघत होतो. आता सांगेल, मग सांगेल. त्याच्या खिशात तो कागद असेलही, ज्यावर त्याच्या हाताने एक हजार लिहिलं होतं. पण तो म्हणाला, "चुकलं आप्पा." आणि मला, त्याच्या सासऱ्याला, त्या क्षणी तोंड उघडता आलं नाही. विहीणबाईंना काय वाटेल, शुभदा काय म्हणेल, असं काहीबाही मनात आलं आणि मी घास गिळला.

व्याही ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "तू नोकरी सोडलीस तवा म्या एक शबुद बोललो न्हाई. पोरगं खऱ्याचं काम करतंय, असं वाटलं." आणि पुरणपोळीला हात न लावता उठले. सोयरिकीच्या सात वर्षांत त्यांनी आमच्याकडची पोळी टाकून दिल्याचं मला आठवत नाही.

दोन दिवस मी मशीन लावलं नाही. तिसऱ्या दिवशी गाडी काढून गुंजवण्याला गेलो. व्याही गोठ्याच्या कुडाला नवी काठी बांधत होते. मी पाणीसुद्धा न घेता उभ्या उभ्या सांगून टाकलं, "व्याही, ते शून्य मी वाढवलं. नितीनने एक हजारच लिहून दिलं होतं."

त्यांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. "का वाढीवलं?"

"जागा रिकामी दिसत होती."

मला वाटलं, आता सोयरीक संपली. पण त्यांचा चेहरा हळूहळू पालटत गेला. "म्हंजी ल्योक माजा खोटं बोलला न्हाई?"

"नाही."

"आन तुमचं नाव बी घेतलं न्हाई? समूर बसून?"

"नाही घेतलं."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, उगाच झटकली आणि पुन्हा घातली. मग आत तोंड करून ओरडले, "अगं ए, ऐकलंस का! चा टाक! पावण्यांनी लई मोठी चूक केलीया!" एवढ्या आनंदाने माझी चूक कधी कुणी जाहीर केली नव्हती. मग माझ्याकडे वळून, डोळे बारीक करून म्हणाले, "आता त्ये शून्य तुमीच काढायचं. मशीननं न्हाई. हातानं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, मी माझी जुनी शिडी चौकात लावली. एका हातात पिवळ्या रंगाचा डबा, दुसऱ्यात चार इंची ब्रश. अठरा वर्षांनी शिडीवर चढत होतो आणि खाली शिडी धरून आमचे व्याही. लोक थांबायला लागले. "काय चाललंय?" असं कुणी विचारलं की व्याही खुलासा करत, "धा हजार लिवलं हुतं, त्ये खोटं हुतं. खरं हजार हायती. त्यातलं बी काईजनांनी टाकून दिल्यात. पावणं दुरुस्त करायला लागल्यात." शून्य पुसलं गेलं आणि एकाच्या पुढे दात पडल्यासारखी मोकळी जागा राहिली. गर्दीतून टाळ्या पडल्या. शिडीवर उभ्या माणसाला टाळ्या मिळतात, हे मला पाट्या रंगवायच्या दिवसांतही माहीत नव्हतं.

आणि मग गंमत झाली. एक भाजीवाली म्हणाली, "एवढं खरं सांगतोय तर हाय तरी काय त्ये? घाला माज्या बी मोबाईलात." नितीन पुढे झाला. तिच्या मागे दुसरी, मग दोन जीपवाले, मग मास्तर. संध्याकाळपर्यंत नितीन आणि शुभदा मान वर न करता लोकांचे मोबाईल हातात घेत होते आणि व्याही प्रत्येकामागे डाव्या खिशात चिंचोका टाकत होते. खिसा भरला तेव्हा त्यांनी टोपी काढून तिच्यात टाकायला सुरुवात केली. मी भोरमध्ये इतके फ्लेक्स लावले, पण फ्लेक्सखाली इतकी माणसं खरोखरची उभी राहिलेली तेव्हाच बघितली. जाताना व्याही नितीनजवळ गेले. त्याची मान मागून धरून एकदा हलवली, लहानपणी हलवत असतील तशी.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. दहा हजार काही झाले नाहीत. नितीन पुण्याच्या कंपनीचं थोडं काम घरून करतो आणि ॲपही चालवतो. आपापल्या फाट्यावर बटण दाबणारी माणसं गावोगाव आहेत. गुंजवण्याला ते काम व्याही करतात. त्यासाठी त्यांनी मोबाईल घेतला. गाडी वळणावर दिसली तरी दाबत नाहीत. ती थांबून, दार उघडून, एक माणूस उतरला की मगच दाबतात. गुडघ्यांमुळे माझं हिंडणं आता कमी झालं आहे. गुंजवण्याला जाणं तर वर्षातून एकदा-दोनदा. पण सकाळी चहा घेताना मी 'आली का?' उघडतो. मला कुठेही जायचं नसतं. 'गुंजवणे : आली' एवढं दिसलं की चहा गोड लागतो.

यंदा पावसात पाच दिवस ते दिसलं नाही. 'रोज सकाळी बघतो, आली दिसेना' म्हणून फोन केला तर विहीणबाई म्हणाल्या, ताप आहे, पडून आहेत, काळजी करू नका. सहाव्या दिवशी घाटात दरड आली, वेल्ह्याकडचा रस्ता बंद झाला, जीपवाल्यांनी गाड्या उभ्या करून ठेवल्या. आणि त्याच सकाळी मोबाईलवर उमटलं : 'गुंजवणे : आली.'

मी लगेच फोन लावला. "व्याही, रस्ता बंद आहे, आणि गाडी आली कशी?"

पलीकडून तापातून उठलेला, बसका आवाज आला.

"गाडी न्हाई आली पावणं. तुमी बघत असाल, म्हनून दाबलं."