बडेबाबूंचं ‘पुट अप’

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. माझी शाळा सातवीतच सुटली. पण तालुक्याच्या कचेरीत चपराशी झाल्यापासून इतके किस्से साचलेत, की काही सांगून मोकळं झालेलं बरं.

‘पुट अप’ म्हणजे कागद साहेबांपुढं ठेवणं. आमच्या हेडक्लार्कच्या, म्हणजे बडेबाबूंच्या तोंडी त्याचा अर्थ एकच: आता माझा संबंध संपला! राज्य बदललं, दारावरची पाटी बदलली, ‘पुट अप’ तेच राहिलं.

*

भर उन्हाळ्यात कचेरीतला रांजण फुटला. बडेबाबू म्हणाले, "पुट अप करा."

नवा रांजण आला तेव्हा आम्ही शेकोटीभोवती बसलो होतो. बडेबाबू म्हणतात, "पाह्यलं? काम होतेच!"

*

एकदा रेकॉर्डच्या खोलीत साप निघाला. मी काठी मागितली. बडेबाबू टेबलावर चढून ओरडले, "आधी पुट अप कर, मंग मार!"

साप आपणच निघून गेला. त्याला कचेरी लवकर समजली.

*

बडेबाबूंच्या मुलीला स्थळ आलं. पाहुण्यांनी विचारलं, "मंग, तारीख कोणती धरू?"

बडेबाबू सवयीनं बोलले, "साहेबांपुढं पुट अप करतो."

आतून त्यांच्या बाई कडाडल्या, "काहून? पोरगी साहेबाची हाय का?"

*

तांड्यावरच्या सोनीबाईचा बैल चुकून दुसऱ्याच्या शेतात शिरला आणि कोंडवाड्यात आला. तिनं त्याच दिवशी दंड भरला. पण सोडायचा हुकूम साहेबांचा, आणि साहेब यवतमाळला. विधवा बाई, घरी एकच बैल उरला. शेजाऱ्यांची पेरणी उरकत आली, हिची दोन बैलांची तिफण उभी.

ती रोज येऊन विचारायची, "बाबूजी, दंड भरला ना? मंग बैल कायले अडवून ठेवला?"

"पुट अप केलं हाय, बाई."

"वावरातली ओल थांबते का?"

बडेबाबू हसले. "ते बी पुट अप करतो!"

सगळे बाबू हसले. ती पायरीवर बसून राहिली.

कोंडवाड्यातल्या चारापाण्याचं काम माझं, म्हणून चावी माझ्याकडं. विनाहुकूम जनावर सोडलं तर नोकरी जाते, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटक उघडलं, बैलाचं दावं सोनीबाईच्या हातात दिलं आणि कचेरीत जाऊन चावी बडेबाबूंच्या टेबलावर ठेवली.

"हे काय? हुकूम कोणाचा?"

"पुट अप केली," म्हटलं, आणि सोनीबाईची तिफण धरायला गेलो.