मनकर्णाच्या ताटातला रस

साखरखेर्ड्याच्या बाजारात रंगरावाला सडका किंवा पावडर मारून पिकवलेला आंबा विकायची कोणाची टाप नव्हती. हा सत्तरीला टेकलेला माणूस ढिगात कोपरापर्यंत हात घाली, वरचे चकचकीत आंबे बाजूला सारी आणि तळातला एक काढून विकणाऱ्याच्या नाकाशी धरी.

"पावडरीचा वास येते का नाई तुले? का नाक घरी ठेवून आला बे?"

आंबा निवडावा रंगरावानंच, असं गाव म्हणे. गाव म्हणे म्हणून रंगरावही म्हणे. दर उन्हाळ्यात पेटी घरी आणून ओट्यावर ठेवायची आणि आत आवाज द्यायचा, "मनकर्णा, घे. तुह्यासाठी आणले." हे लग्न झाल्यापासून चालत आलेलं.

मनकर्णा माघात गेली. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिच्या नावाची पहिली घागर मांडायची होती. घागर मांडणं सोपं. कुंभाराकडून मातीची आणायची, पाणी भरायचं, वर एक खरबूज ठेवायचं. अवघड पुढचं. गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, आणि त्या बाईला जे आवडे तेच तिच्या ताटात वाढायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. सवाष्ण आलीच नाही तर गेलेली उपाशी. रंगराव देवाधर्माचा फारसा नव्हता, पण मनकर्णा उपाशी राहील ही गोष्ट त्याच्या छातीत काट्यासारखी रुतून बसली होती.

मुलगी राखी नांदुऱ्याला. तिच्या सासरी त्यांच्याच घागरी. "बाबा, मले कोण सोडते सणाचं?" ती फोनवर म्हणाली, आणि मागून कोणीतरी हाक मारली म्हणून फोन ठेवला.

मग रंगराव आळीत फिरला. एकीच्या घरी पाहुणे होते. दुसरीच्या सासूनं दारातच विचारलं, "सैपाक कोण करनार?"

"मी."

"अगं बाई. तुमी?" आणि पदर तोंडाला लावून ती हसली. "नको भाऊ. आमच्या सुनीले उगाच पोटाचं दुखणं."

रंगरावाच्या तोंडावर शिवी आली होती. बाईच्या हातचं आयुष्यभर खाणाऱ्या गड्याचं पोट कधी दुखत नाही, आणि गड्याच्या हातचं म्हटलं की बाईलाच दुखणं आठवतं. पण गरज त्याची होती. तो शिवी गिळून पुढं गेला.

शेवटी शेजारच्या अन्नपूर्णाबाई हो म्हणाल्या. "माह्या घरची घागर झाली का येते. पन जास्तीचं काई करू नका."

त्यानं जास्तीचंच केलं. पहाटेच बदाम जातीचे आंबे पाण्यात घातले. मग एकेक मऊ करून पिळला, कोयी घोळल्या, रस चाळणीतून गाळला, साखर घातली, दूध घातलं, वेलची कुटली. पोळ्या नकाशासारख्या झाल्या, भजी थोडी करपली. पण रस असा उतरला की पातेल्यात पाहून त्याला एकट्यालाच हसू आलं. दाखवायला घरात कोणी नव्हतं.

दुपार कलल्यावर अन्नपूर्णाबाई आल्या. त्यानं पाट मांडला, कुंकवाचा करंडा पुढं केला. स्वतः लावायचा धीर झाला नाही. त्यांनी आपल्या हातानं लावून घेतलं. वाटी काठोकाठ भरून त्यानं ताटात ठेवली.

अन्नपूर्णाबाई वाटीकडे पाहत राहिल्या.

"काऊन वैनी? केस गिस पडला का?"

"नाई. रस चांगला हाये." त्यांनी वाटी जरा बाजूला सारली. "तिच्या नावानं जेवून राह्यली म्हनून सांगते, भाऊ. मनकर्णाले रस आवडत नव्हता."

"काय सांगता. दर सालाले पेटी आनत होतो मी."

"हाव ना. तिच्या घशाले खाज सुटे रसानं. तुमी जेवून पारावर गेले, का तिच्या वाट्याची वाटी झाकून माह्या घरी येई. माह्ये लेकरं त्याच्यावरच मोठे झाले."

रंगराव दाराच्या चौकटीला टेकला. रस वाढताना ती त्याच्या समोर असे, खाताना कधीच नसे. ते आजवर त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मंग काय आवडे तिले?"

"खरबूज. बारीक फोडी, वरून किसलेला गूळ, चिमटीभर वेलची, अन् माठाखाली ओल्या फडक्यात गार होऊ द्याचं. तुमी बाजाराले गेले का दुपारी आमी दोघी माह्या मागच्या दारात बसून खाऊ. बिया ती धुऊन वाळवे, मंग सोलत बसे. सोलताना एवढी हसे, का विचारू नका."

एवढी हसणारी मनकर्णा रंगरावाला डोळ्यांपुढं आणता येईना. घरात ती "हो" म्हणे, "वाढू का" म्हणे. हसणं बहुतेक मागच्या दारी ठेवून येत असावी.

घरात खरबूज एकच होतं, घागरीवरचं. तो त्याच्याकडं पाहू लागला.

"घ्या उतरून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तिच्याच नावाचं हाये ना?"

त्यानं ते उतरवलं. फोडी केल्या, गूळ किसला, वाटी माठाखाली ठेवली. गार व्हायला वेळ होता. तोवर त्या पाटावर बसून राहिल्या, तो जमिनीवर. मग त्यानं वाटी बदलली. अन्नपूर्णाबाई सावकाश जेवल्या, फोड न् फोड संपवली, शेवटचा गुळाचा पाक बोटानं पुसून घेतला. मनकर्णा जेवली होती. पहिल्यांदाच त्यानं तिला जेवताना पाहिलं, आणि तेही दुसरीच्या तोंडानं.

त्यांच्या हातावर पाणी घालायला तो तांब्या घेऊन अंगणात गेला. पाणी ओतता ओतता त्यानं विचारलं, "वैनी, तुमी दोघी बसत होते तवा... माह्याबद्दल काय बोले ती?"

अन्नपूर्णाबाईंनी हात झटकले, पदराला पुसले. खोटं बोलावं का, याचा त्यांनी विचार केला असावा.

"तुमच्याबद्दल काई नाई बोलत होतो, भाऊ," त्या म्हणाल्या. "दुसरंच बोलत होतो आमी."

त्या गेल्यावर रंगरावानं रसाचं पातेलं उचलून त्यांच्या घराकडे न्यायला घेतलं. पण त्यांची लेकरं आता पुण्याला होती. तो ते तसंच धरून ओट्यावर बसला.