आबांच्या खिडकीतले सशाचे कान

माजलगावात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. "शिकलाव काय?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "बीएस्सी, वनस्पतिशास्त्र. इथल्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते." त्यावर ते उठले, मला बैठकीच्या खिडकीपाशी नेलं आणि मातीच्या कुंडीतल्या एका झाडाकडं बोट करून म्हणाले, "मग हे सांगा. ह्याच्या पानावर केस कावून?"

झाड वीतभर. पानं बोटाएवढी, जाडजूड, राखाडी. वर मखमलीसारखी लव आणि कडेला तपकिरी ठिपके, जणू कुणी उदबत्तीचे चटके दिलेत. नर्सरीवाले त्याला पांडा म्हणतात. या घरात त्याचं नाव होतं सशाचे कान. मी सांगितलं, "ऊन थेट लागू नये आणि आतलं पाणी उडून जाऊ नये म्हणून." ते झाडाकडं वाकून म्हणाले, "म्हंजे उन्हाळ्यात घोंगडं पांघरून बसलंय म्हणा की!" मग आत बायकोकडं तोंड करून ओरडले, "अगं, ही खोली हिलाच द्यायची!"

हे आबा. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव टाकून दिलं आणि मला 'बीएस्सी' करून टाकलं. माझे आईवडील धारूरकडचे, ऊसतोडीला जाणारे. घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही, कुणी न विचारता सांगते. आबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग तर तुलाच इचारायला पायजे. कष्टानं शिकलेलं माणूस इसरत न्हाई." आणि सुरू व्हायचे. "ए बीएस्सी, पाल भिंतीवरनं पडत कावून न्हाई?" "ए बीएस्सी, कांदा कापला की डोळ्यालाच पाणी, कानाला कावून न्हाई?" येत नसेल तर 'माहीत नाही' म्हटलेलं त्यांना चालायचं. थाप मारलेली चालायची नाही. आता मी गेवराईला असते. वर्गात पोरांनी विचारलेलं आलं नाही, तर सरळ 'माहीत नाही' सांगते. ही सवय त्या घरातली.

आबा निवृत्त पाटकरी. धरणाच्या कालव्याचं पाणी पाळीपाळीनं शेतांना सोडायचं, हे त्यांचं काम. उभी हयात पाण्यावरची भांडणं ऐकण्यात गेलेली. त्यामुळं घरात एकच कायदा होता, पाणी फेकायचं नाही. भाजी धुतलेलं कढीपत्त्याला, पाहुण्याच्या पेल्यात उरलेलं जवळ असेल त्या कुंडीत. "फेकलेलं पाणी माघारी येत न्हाई, बे," असं ते चांगल्या मिशीवाल्या माणसांनाही सुनवायचे.

झाड मात्र काकूंचं, म्हणजे आबांच्या बायकोचं. त्या पान दोन बोटांत हलकेच दाबून बघायच्या. "कान ढिला लागला तरच पाणी. टणक हाय तवर हात आखडायचा," असं त्यांचं शास्त्र, आणि माझ्या पुस्तकातही वेगळं काही नव्हतं. पाणी घालायच्या तेही बुडाशी, पानावर थेंब न पडू देता.

पुढच्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, चालायलाही लागल्या. पण उजव्या हाताची जाणीव गेली. त्या उपचारासाठी लेकीकडं संभाजीनगरला राहिल्या. तिथं व्यायाम करून घेणारी मुलगी त्यांच्या हातावरून रोज टॉवेल, लोकर, ब्रश फिरवायची. काकूंना काही कळायचं नाही. एका संध्याकाळी त्या फोनवर म्हणाल्या, "ती लोकर माज्या वळखीची न्हाई. घरी आले की सशाच्या कानावरनं हात फिरवीन. ते कळंल मला. तेवढं नीट ठिवा." आबा म्हणाले, "ठिवतो." फोन बंद करून माझ्याकडं वळले. "बीएस्सी, हे झाड गेलं तर तिच्या हाताखाली मी काय ठिवू?"

आणि झाड बिघडलं. खालची पानं पिवळी, पाणचट. बोट लागलं की गळून पडायची. खोड बुडाशी काळं पडलेलं. माती ओलीगच्च.

"पान दाबल्याबिगर मी थेंब दिला न्हाई," आबा म्हणाले. "मग ही ओल कुठली? कालव्यावर शेवटच्या शेताला कायम पाणी कमी पडायचं. जास्ती आलेलं आयुष्यात पयल्यांदा बघतोय." मग हा माणूस, पूर्वी पाणीचोरांवर ठेवायचा तशी, स्वतःच्याच बैठकीवर दाराआडून पाळत ठेवून बसला.

काकूंची विचारपूस करायला शेजारचे सोपानराव आले. आबांनी पाणी दिलं आणि चहा टाकतो म्हणून आत आले. सोपानरावांनी अर्धा पेला पिऊन उरलेलं खिडकीतल्या कुंडीत ओतलं. आबा दारामागून बाहेर झेपावले. "सोपान्या! सापडलास बे!"

सोपानरावांच्या हातून पेला निसटता निसटता राहिला. "काय सापडलो? तूच बोंबलतोस ना, पाणी फेकायचं न्हाई म्हणून? येणारा-जाणारा समदा गाव हितंच वततोय!"

खरंच होतं. काकूंची चौकशी करायला येणारा प्रत्येक जण त्या खिडकीपाशी बसत होता आणि आबांचा कायदा पाळत होता. आबा खाली बसले. "म्हंजे चोर मीच."

मी म्हटलं, काळं खोड कापून वरचा चांगला शेंडा वाचवायचा. पण कापलेली जागा सुकेपर्यंत तो कोरडाच ठेवायचा. आबांना कापायचं पटलं, कोरडं ठेवायचं पटेना. "सुकणाऱ्याला पाणी न्हाई म्हणायचं? पोरी, माज्यानं व्हायचं न्हाई ते." मी एक चांगलं पान ब्लेडनं मधोमध चिरून त्यांच्यापुढं धरलं. आत हिरवागार, ओला, चमकणारा गर. "आबा, ह्याचं पाणी ह्याच्याजवळच आहे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "आयला! हे तर धरण हाय. त्याला पाटकरी कशाला लागतोय!"

शेंडा त्यांनी स्वतः कापला. सावलीत सुकवला, मग वाळू मिसळलेल्या मातीत लावला. दोन-चार धड पानं नुसतीच मातीवर ठेवली. सकाळी ते तांब्या उचलायचे, कुंडीपर्यंत जायचे आणि तसाच तांब्या घेऊन परत यायचे. काकूंना त्यांनी फोनवर सगळं खरं सांगितलं. "झाड सडलं. माज्यामुळं. वरचा तुकडा लावलाय, जगंल का न्हाई माहीत न्हाई." काकू म्हणाल्या, "पाव्हण्यांला अर्धाच पेला देत चला." तेव्हापासून आबा अर्धा पेला देऊ लागले, आणि पाटकऱ्याची जुनी सवय जात नाही असं गावात बोललं जाऊ लागलं.

काकू परत आल्या तोवर शेंड्यानं मूळ धरलं होतं. मातीवरच्या एका पानाच्या देठाशी तांदळाएवढी लवदार पिल्लं फुटली होती. काकू खिडकीपाशी बसल्या. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि शेंड्याच्या पानावर ठेवला.

"कळतंय?" आबांनी विचारलं.

"न्हाई."

आबांचा चेहरा उतरला. तरी त्यांच्यानं राहवलं नाही. "काईच न्हाई? का मऊ कळत न्हाई?"

काकूंनी डोळे मिटले. "मऊ न्हाई कळत. गार लागतंय."

आबांनी स्वतःचं बोट पानाला लावून बघितलं. "खरंच की. गारच हाय." आणि ते आत पळाले. पितळी तांब्या, दाराचं कुलूप, वरवंटा, स्वतःची टोपी आणि काकूंसाठी नुकताच केलेल्या गरम चहाचा कप, असं सगळं आणून बाजेवर मांडलं. "डोळे उघडू नको. हे?"

"गार."

"आन हे?"

"काय कळंना."

"टोपी हाय. आता हे?"

"अहो, भाजतंय! कप हातावर ठिवताव का काय, मेलं!"

आबांनी कप उचलला. निम्मा चहा बाजेवर सांडला होता, काकू हात झटकत त्यांना शिव्या घालत होत्या, आणि आबा दारात उभं राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत होते, "सोपान्या, ये लवकर! भाजतंय म्हणती! आईकलंस का, भाजतंय म्हणती ही!"