रिलीव्हरकाका

रिलीव्हरकाका उभ्याउभ्या झोपत. पाठ खांबाला, हात कंट्रोल पॅनलवर, डोळे मिटलेले. रिअ‍ॅक्टरचं तापमान दोन अंशांनी सरकलं की डोळे उघडायचे. तारापूरच्या त्या केमिकल कंपनीत ते प्लँटवर होते, मी लॅबमध्ये. नवीन लोकांना या झोपेचं कौतुक वाटे. मला कधीच वाटलं नाही.

पुढच्या पाळीचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय जागा सोडायची नाही, असा आमच्याकडे नियम. तो आलाच नाही तर डबल ड्यूटी. बाकीचे कुरकुरत. काका मात्र दुसऱ्यांच्या डबलही मागून घेत, म्हणून हे नाव पडलं. "पोरीचं फार्मसीचं शेवटचं वर्ष हाय, बाय. मग बंद," असं सांगत. पोरगी पास झाली, नोकरीला लागली. मग घराची कौलं काढून स्लॅब घालायचं निघालं.

एकदा ते जेवून उठले तेव्हा मी विचारलं, "काय दिलं होतं काकींनी?"

बराच वेळ आठवत राहिले. "डबा दिलेला," म्हणाले.

मी हसले. ते हसले नाहीत.

त्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांना रात्रपाळी बंद करायला सांगितलं. कंपनी जनरल शिफ्ट द्यायला तयार होती, पण मग डबल नाही, भत्ते नाहीत. मलाही तेव्हा पालघरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा मिळत होती, जवळपास निम्म्या पगारावर. लॅबमधल्या वासांनी रोज होणाऱ्या डोकेदुखीला मीही कंटाळले होते. काकांना विचारलं.

"तू जा, बाय. लवकर जा."

"आणि तुम्ही?"

"माझा स्लॅब होऊ दे."

मी गेले. पहिलं वर्ष फार ओढाताणीत गेलं, खोटं कशाला सांगू. काका आणखी तीन वर्षं राहिले. मग एका दुपारी प्लँटवरच त्यांची डावी बाजू गेली.

दिवाळीनंतर शिरगावला त्यांना भेटायला गेले. घर नवं झालं होतं. पुढच्या खोलीत खाटेवर काका, आणि काकी त्यांना पेज भरवत होत्या.

"कॉलेजात भागतं तुझं?" काकांनी विचारलं. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"भागवते."

ते छताकडे बघत राहिले. "मग आमचंपण भागलं असतं."

"कौलं काय वाईट होती?" काकी म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड पुसून पुढचा चमचा भरला.